हीटरचा जॉइंट गळतोय, पण दोष टेपचा नाहीये

पत्र असं आलंय:

"नमस्कार काका. लोणावळ्याला आमचं छोटं घर आहे, मागे चार बाय आठ मीटरचा पूल. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं म्हणून मागच्या दिवाळीत पूलला हीट पंप बसवला, ३२ डिग्रीवर ठेवतो. पाणी छान गरम होतं पण मशीनच्या आउटलेटचा जॉइंट पहिल्या महिन्यापासून गळतोय. प्लंबर तीनदा येऊन टेफ्लॉन टेप गुंडाळून गेले, मग सफेदा-सुतळी केली, मग वरून एम-सील थापलं. आता पुढे जो पितळी व्हॉल्व्ह आहे त्याच्याजवळचं प्लॅस्टिकचं फिटिंग उभं तडकलंय. दुकानदार म्हणतो प्लॅस्टिक काढा आणि सगळं जीआय, म्हणजे जस्त चढवलेलं लोखंडी, करा, नाहीतर ही थ्रेड सीलरची ट्यूब न्या. भाऊजी म्हणतात गरम पाणी आहे म्हणजे सीपीव्हीसीच पाहिजे. मशीनच्या खालीही सारखं पाणी असतं. नक्की कोणतं सीलंट आणू? फोटो पाठवतेय. – एक वाचक, डोंबिवली"

ताई, फोटो नीट काढलेत त्याबद्दल आधी थँक्यू, कारण त्यातल्या दोन फोटोंमुळे माझं अर्धं काम झालं. एकात मशीनच्या युनियनवर, म्हणजे पाइप जोडायच्या नटवाल्या फिटिंगवर, ५० हा आकडा उठलेला दिसतोय आणि दुसऱ्यात तुमच्या पांढऱ्या पाइपवर दीड इंच, एससीएच ४० (हा पाइपाच्या भिंतीच्या जाडीचा वर्ग) असं छापलेलं वाचता येतंय. हे दोन आकडे एकमेकांत बसत नाहीत. तुमच्या गळतीचं मूळ तिथे आहे, आणि जगातलं कुठलंही सीलंट आणलंत तरी ते हे काम करू शकणार नाही, म्हणून सीलंटचं नंतर बोलू.

त्याआधी मशीनखालच्या पाण्याचं बघू कारण ती बहुतेक गळती नाहीच. हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो, म्हणजे एसीच्या उलटं, त्यामुळे त्याची मागची जाळी थंड होते आणि हवेतली वाफ तिच्यावर धरून खाली ठिबकते, लोणावळ्यासारख्या दमट जागी तर तासाला काही लिटर पाणी सहज पडतं. खात्री करायची असेल तर मशीन बंद ठेवा आणि पूलचं पाणी फिरवणारा पंप नुसता चालू ठेवा, तास-दोन तासात ठिबकणं थांबलं तर ते हवेतलंच पाणी. अजून एक पद्धत, पूलचं पाणी तपासायचा क्लोरीनचा किट तुमच्याकडे असेलच, खालचं पाणी त्यात घालून बघा, क्लोरीन दाखवला तर पूलचं, नाही दाखवला तर हवेतलं. तळाला निचऱ्याचं छोटं तोंड असतं त्याला एक नळी लावून पाणी बागेत सोडा, विषय संपला. याच्यासाठी मशीन उघडायला कोणाला पैसे देऊ नका.

आता जॉइंट. आपल्याकडे "दीड इंची" म्हणून तीन वेगवेगळे पाइप मिळतात आणि तिघांचा बाहेरचा व्यास वेगळा असतो, हे कोणी सांगत नाही. प्लंबिंगचा पांढरा यूपीव्हीसी, तुमचा आहे तो, बाहेरून ४८.३ मिलिमीटर. शेतीच्या दुकानात राखाडी पाइप मिळतो, आयएस ४९८५ छापलेला, त्यालाही लोक दीड इंचीच म्हणतात पण तो ५० मिलिमीटर. आणि घरातल्या गरम पाण्याला वापरतात तो पिवळसर सीपीव्हीसी, त्याचा दीड इंची तर ४१.३ मिलिमीटरच असतो. तुमच्या मशीनचं युनियन ५० चं आहे, त्यात ४८.३ चा पाइप घातला की सगळ्या बाजूंनी पाऊण मिलिमीटरहून जास्त फट राहते. पाइप सॉकेटमध्ये सैल हलतोय हे प्लंबरदादांना हाताला कळलंच असणार, म्हणून त्यांनी पाइपावर टेप गुंडाळून वर सोल्व्हंट सिमेंट भरपूर ओतलं असावं, फोटोत कडेला जो पिवळट ओघळ आहे तो त्याचाच वाटतोय मला.

सोल्व्हंट सिमेंट हा डिंक नाही हो. डिंक दोन वस्तूंच्या मध्ये बसून त्यांना धरतो, हे सिमेंट दोन्हीकडचं प्लॅस्टिक विरघळवतं आणि ते एकमेकांत मिसळून एकच होतं, मग त्यातलं पातळ उडून जातं. त्यासाठी दोन्ही भिंती एकमेकांना घट्ट टेकलेल्या असाव्या लागतात. फट असली की सिमेंट नुसतं भरून राहतं, वरून कडक झाल्यासारखं दिसतं, आत मऊ राहतं, सुकताना आकसतं आणि त्यात बारीक वाटा पडतात, पाणी त्या वाटा शोधून काढतंच. त्यात टेप घातला तर विचारूच नका, टेफ्लॉनला सिमेंट चिकटतच नाही.

तुम्ही स्वतः मापून बघा, यासाठी व्हर्नियरबिर्नियर लागत नाही. शिवणकामाची टेप घ्या, नसेल तर कागदाची पट्टी पाइपभोवती एकदाच घट्ट गुंडाळा, जिथे कड येते तिथे पेनाने खूण करा आणि पट्टी फूटपट्टीवर सरळ ठेवा. १५.२ सेंटीमीटर आलं तर पाइप ४८.३ चा, १५.७ आलं तर ५० चा, आणि १३ च्या आसपास आलं तर सीपीव्हीसी. दोन इंचीचं पण असंच, प्लंबिंगचा १८.९ आणि शेतीचा ६३ मिलिमीटरवाला १९.८. अर्ध्या सेंटीमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही पण पट्टीवर स्वच्छ दिसतो. मी गेली कित्येक वर्षं खिशात कागदाची पट्टी ठेवूनच पंप रूममध्ये जातो.

मग करायचं काय. आधी मशीन ज्यांनी विकलं त्यांना फोन करा आणि विचारा की याच युनियनची दीड इंच एएसटीएम पाइपाची, म्हणजे तुमच्या पांढऱ्या ४८.३ वाल्याची, टेलपीस मिळेल का, टेलपीस म्हणजे नटाच्या आत जो बाहीसारखा तुकडा असतो तो. बऱ्याच जणांकडे दोन्ही मापाच्या असतात. मिळाली तर तुमचा नट तोच राहतो, फक्त आतला तुकडा बदलायचा आणि पाइप त्यात नीट चिकटवायचा. नाही मिळाली तर ५० मापाचीच नवी टेलपीस घ्या (जुन्यात सिमेंट भरलंय, ती आता कामाची नाही), शेतीच्या दुकानातून ५० मिलिमीटरचा १० किलो प्रेशरचा पाइप फूटभर आणा, तो टेलपीसमध्ये चिकटवा, त्याच्या दुसऱ्या टोकाला ५० चा एमटीए म्हणजे बाहेर आटे असलेलं फिटिंग आणि त्यापुढे तुमच्या लाइनचा दीड इंची एफटीए, म्हणजे आत आटे असलेलं फिटिंग. आट्याचं माप दोघांचं एकच असतं, दीड इंच बीएसपी (आपल्याकडचं आट्यांचं माप), त्यामुळे माप बदलायची जागा आट्यावर येते, चिकटवण्यावर नाही. शेतीचा पाइप म्हणून नाक मुरडू नका, तोही यूपीव्हीसीच आहे आणि इथल्या प्रेशरला भरपूर पुरतो.

एक गोष्ट चिकटवण्याआधी दोनदा बघा, नट पाइपावर आधी सरकवलाय का. जॉइंट पक्का झाल्यावर नट बाहेर राहिलेला दिसला की पुन्हा कापणं आलं, चांगल्या चांगल्या कारागिरांचं हे झालेलं मी पाहिलंय.

आता तडकलेलं फिटिंग. फोटोत दिसतंय की पितळी व्हॉल्व्हमधून जीआयचं निपल, म्हणजे दोन्ही टोकांना बाहेर आटे असलेला छोटा तुकडा, निघतं आणि ते प्लॅस्टिकच्या एफटीएमध्ये घुसवलंय. म्हणजे लोखंड आत आणि प्लॅस्टिक बाहेर. हा जॉइंट तडकणारच होता, आज नाहीतर सहा महिन्यांनी. आटे निमुळते असतात, त्यामुळे जसजसं फिरवू तसतसं आतलं निपल पाचरीसारखं बाहेरच्या फिटिंगला फाकवतं. बाहेर लोखंड असेल तर ते सहन करतं आणि आतलं प्लॅस्टिक थोडं दबून घट्ट बसतं, हे चालतं. उलटं केलं की प्लॅस्टिकवर कायमचा ताण बसतो आणि प्लॅस्टिक ताण लगेच दाखवत नाही, हळूहळू फाटतं. त्यात टेप गुळगुळीत, त्यामुळे पान्ह्याला जोर लागतोय हे हाताला कळतच नाही, आणि वर सुतळी, जी पाणी पिऊन फुगते. सुतळी-सफेदा ही लोखंडी पाइपाची जुनी आणि चांगली पद्धत आहे, आमच्या आधीच्या पिढीने त्यावर इमारतीच्या इमारती केल्या, पण तिथे फुगणाऱ्या सुतळीला बाहेरून लोखंड दाबून धरायचं. प्लॅस्टिकमध्ये तीच सुतळी फिटिंग फाडते.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. पुण्यात एका सोसायटीच्या पूलवर संध्याकाळी काम संपवताना मी स्वतः दोन इंची जीआय निपल प्लॅस्टिकच्या एफटीएमध्ये बसवलं, टेस्ट घेतली, एक थेंब नाही, तरी मनाच्या समाधानासाठी मोठ्या पान्ह्याने अर्धा फेरा अजून दिला. तीन आठवडे सगळं कोरडं. मग एके दिवशी पहाटे वॉचमनचा फोन आला, पंप रूममध्ये घोटाभर पाणी आणि मोटर त्यात उभी. फिटिंग कापून हातात घेतलं तर चीर सगळ्यात आतल्या आट्याच्या खाचेतून सुरू होऊन सरळ बाहेरपर्यंत आलेली, तुमच्या फोटोत आहे तशीच. तो अर्धा फेरा सोसायटीला एका मोटरच्या वाइंडिंगला पडला, आणि मोटर पाण्यात असताना कोणी आत पाय ठेवला असता तर काय झालं असतं याचा विचार मला आजही नको वाटतो.

म्हणून तुमच्याकडे तो पितळी व्हॉल्व्हच काढा. त्याच्या जागी दोन्ही बाजूंना युनियन असलेला यूपीव्हीसीचा बॉल व्हॉल्व्ह घाला, पाइपाला सिमेंटने चिकटतो, आटे नाहीत, लोखंड नाही, उद्या बिघडला तर दोन्ही नट हाताने सोडून बाहेर काढता येतो. आटे जिथे नाहीत तिथे आट्याची गळती पण नाही. आणि काही कारणाने धातूची वस्तू ठेवावीच लागली, समजा प्रेशर गेज, तर आत पितळेचे आटे बसवलेला एफटीए मिळतो, ब्रास एफटीए म्हणूनच मागा, थोडा महाग आहे पण धातूवर धातू बसतं. किंवा धातूच्या वस्तूचे आटे आतले असतील तर त्यात प्लॅस्टिकचा एमटीए बसवा. धातूचं निपल साध्या प्लॅस्टिकमध्ये मात्र पुन्हा नको.

दुकानदाराचा जीआयचा सल्ला सोडून द्या. पूलच्या पाण्यात क्लोरीन असतो, जीआयचं जस्त काही काळात जातं, मग गंज सुटतो आणि पूलच्या टाइल्सवर तपकिरी डाग पडायला लागतात, मशीनच्या आतली नळी टायटॅनियमची आहे तिला काही होणार नाही पण तुमचा पूल खराब होईल.

भाऊजींचं म्हणणं पटण्यासारखं आहे पण तुमच्या मशीनला लागू नाही. यूपीव्हीसीची मर्यादा ६० डिग्री. तुमचं पाणी ३२ वर, आणि हीट पंप एका फेरीत पाणी जेमतेम दोन-तीन अंशांनीच वाढवतो, म्हणजे पाइपातून जातं ते पाणी आपल्या अंघोळीच्या पाण्यापेक्षाही कोमट. गरम झालं की या पाइपाची ताकद कमी होते हे खरं, दीड इंची एससीएच ४० ला साध्या तापमानाला ३३० पीएसआय इतका दाब चालतो, ३८ डिग्रीला त्याच्या ६२ टक्के म्हणजे दोनशेच्या वर राहतात, आणि तुमचा पंप फार तर पंधरा-वीस पीएसआय देत असेल. मग भीती कशाची. उलट मध्येच सीपीव्हीसी घातला तर ते ४१.३ चं तिसरं माप लाइनमध्ये येईल, त्याचं सिमेंट वेगळं, आणि अजून दोन आट्याचे जॉइंट वाढतील.

हां, भाऊजी बरोबर कुठे ठरतात तेही सांगतो, कारण न्यू जर्सी, टेक्सासकडचे आपले वाचक हेच प्रश्न विचारतात आणि त्यांच्याकडे बहुतेक गॅस हीटर असतो. गॅसवाल्यात बर्नरच्या ज्वाळा तांब्याच्या नळ्यांवर लागतात, मोठा हीटर ४,००,००० बीटीयूपर्यंत असतो, आणि पंप अचानक बंद पडला तरी ते तापलेलं तांबं आत थांबलेल्या पाण्याला तापवतच राहतं. ते पाणी मागे सरकून पाइपात आलं की साधा पीव्हीसी मऊ पडून वाकतो आणि हीटरच्या तोंडाशी आट्याचा जॉइंट सैल होतो. म्हणून हीटरच्या मॅन्युअलमध्ये पहिला तुकडा सीपीव्हीसीचा किंवा धातूचा घ्यायला सांगितलं असेल तर तो तसाच घ्यायचा, सीपीव्हीसी ९३ डिग्रीपर्यंत चालतो, आणि टायमर असा लावायचा की हीटर बंद झाल्यावर पंप काही मिनिटं तरी पाणी फिरवत राहील. तिकडच्या वाचकांनी अजून एक ध्यानात ठेवा, भारतातून सामानात फिटिंग नेऊ नका, तिकडे आटे एनपीटी मापाचे आणि आपल्याकडे बीएसपी. दीड इंचीला बीएसपीचे इंचाला ११ आटे, एनपीटीचे साडेअकरा, वर कोनही वेगळा, ५५ अंश आणि ६० अंश. हाताने तीन-चार आटे मस्त जातात मग अडतं, आणि माणसाला वाटतं घट्ट बसलं. इकडे अमेरिकन बनावटीचा हीटर आणला तर हाच घोळ उलट्या बाजूने होतो. ओळखायचं असेल तर दोन्ही बाहेरच्या आट्यांची फिटिंग आडवी धरून दात एकमेकांत बसवा आणि उजेडासमोर धरा, मधून उजेड दिसला तर माप वेगळं.

आता तुमचा मूळ प्रश्न, सीलंट. जिथे नटाच्या आत रबराची रिंग आहे, म्हणजे मशीनच्या युनियनला आणि नव्या बॉल व्हॉल्व्हला, तिथे काहीच लावायचं नाही. टेप नाही, पेस्ट नाही, सिलिकॉन नाही. तिथे नटाचे आटे पाणी अडवतच नाहीत, ते फक्त दाबून धरतात, पाणी अडवते ती ओ-रिंग. तुमच्या तिसऱ्या फोटोत नटाच्या आट्यावर टेपचे जाड वेढे दिसताहेत, त्यामुळे उलट नट पूर्ण बसत नाहीये आणि रिंग अर्धवट दाबली जातेय. सगळं काढा, रिंग बाहेर काढा, तिची खाच जुन्या टूथब्रशने साफ करा, वाळूचा एक कण राहिला तरी गळतं, रिंग चपटी झाली असेल किंवा वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तर नवी घ्या. रिंगला बोटाने सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावा. व्हॅसलीन लावू नका, या रिंगा बऱ्याचदा ईपीडीएम रबराच्या असतात आणि पेट्रोलियमने ते रबर फुगतं. मग नट हाताने घट्ट, बस. नट आवळून पाइप जागेवर ओढायचा नाही, दोन्ही तोंडं आधीच समोरासमोर सरळ आली पाहिजेत, नाहीतर रिंग एका बाजूने चिमटते.

प्लॅस्टिकच्या आट्यात प्लॅस्टिकचे आटे जातात तिथे साधा टेफ्लॉन टेपच पुरतो. आपल्याकडचा पांढरा टेप पातळ असतो, दीड इंचीला चार-पाच वेढे द्या. आट्याचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायचं, म्हणजे फिटिंग आवळताना टेप सुटण्याऐवजी अजून ओढला जातो. पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचे धागे आत लोंबतात आणि तुटून पुढे जाऊन अडकतात. टेप ताणून ओढा इतका की खालचे आटे त्यातून उठून दिसले पाहिजेत, शेवटी अंगठ्याने दाबून बसवा. हाताने जितकं जाईल तितकं घट्ट करा, त्यापुढे पट्ट्याच्या पान्ह्याने एक फेरा, फार तर दीड. आणि कोपरा सरळ करायला म्हणून उलटा फिरवायचा नाही, फिरवलात तर उघडा, टेप काढा आणि नवा गुंडाळा. टेपच्या ऐवजी पेस्ट वापरायची असेल तर डब्यावर पीव्हीसीला चालते असं लिहिलेलं आणि न कडक होणारी घ्या.

दुकानदाराची ती थ्रेड सीलरची ट्यूब घेऊ नका. ते सीलर हवा बंद झाली आणि धातूचा स्पर्श मिळाला की घट्ट होतं, धातूच्या आट्यांना ते फार उत्तम आहे, पण प्लॅस्टिकमध्ये नीट जमत नाही आणि काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात. ऑइल पेंटसारखी तेलकट पेस्ट, सफेदासुद्धा त्यातलाच, प्लॅस्टिकच्या आट्यापासून लांब ठेवा. आट्यात सोल्व्हंट सिमेंट लावणारेही भेटतील, ते प्लॅस्टिक मऊ करतं आणि पुन्हा कधीच उघडता येत नाही. एम-सीलचं म्हणाल तर ती घरात असावी अशी वस्तू आहे, रात्री अकरा वाजता पाणी यायला लागलं तर सकाळपर्यंत वेळ काढायला, पण ओल्या गळत्या जॉइंटवर बाहेरून थापून आतलं प्रेशर कायमचं अडत नाही.

काम कुठल्या क्रमाने करायचं ते प्लंबरदादांना वाचून दाखवा, त्यांना दोष देऊ नका, बाजारात तीन मापांना एकच नाव असेल तर त्या माणसाने काय करावं. सुरुवात विजेपासून. हीट पंपाचा आयसोलेटर आणि बोर्डातला एमसीबी दोन्ही बंद, मग पंप बंद, मग व्हॉल्व्ह. आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून एकदा बघून घ्या की या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, आहे आणि अर्थिंग चालू आहे. वर्षभर पाणी गळतंय तिथेच विजेचं मशीन आहे आणि त्याच पाण्यात बाबा उतरणार आहेत, त्यामुळे हे काम उद्यावर टाकू नका, जॉइंटच्या आधी हे.

मग पाइप कापा, सरळ काटकोनात, तिरका कापला तर सॉकेटमध्ये एका बाजूला पोचतच नाही. कडेचा चुरा ब्लेडने काढा. कोरडाच घालून बघा, साधारण दोन तृतीयांश आत जाऊन घट्ट अडला पाहिजे, सैल सरळ तळापर्यंत गेला तर माप चुकलंय, तिथेच थांबा. प्रायमर, मग सिमेंट पाइपावर भरपूर, सॉकेटमध्ये पातळ, लगेच आत घालून पाव फेरा फिरवा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा, कारण सॉकेट निमुळतं असतं आणि सोडलं की पाइप हळूच मागे येतो. बाहेर आलेलं सिमेंट पुसा. डब्यातलं सिमेंट जेलीसारखं झालं असेल तर टाकून द्या, थिनर घालून पातळ करू नका. त्यानंतर २४ तास पाणी सोडायचं नाही. पाइप आतून ओला असेल तर आधी वाळू द्या, व्हॉल्व्हमधून थेंब थेंब येत राहिलं तर जॉइंट फुकट जातो. हे दिवाळीच्या आसपासच्या कोरड्या दिवसात करा, तुमच्याकडे पावसाळ्यात करू नका.

पाइप मशीनच्या युनियनवर लोंबकळत ठेवू नका, हेही फोटोत दिसलं मला, मशीनपासून पहिला आधार जवळजवळ दोन मीटर लांब आहे. मशीन थरथरतं, पाइप पाण्याने भरून जड होतो आणि सगळं वजन त्या एका नटावर येतं. फूट-दीड फुटावर खाली एक क्लॅम्प द्या, पण आवळून नाही, पाइप त्यात सरकला पाहिजे. तीन मीटरचा यूपीव्हीसी पाइप वीस अंश तापला की तीन मिलिमीटरहून जास्त लांब होतो, लोणावळ्यात डिसेंबरची पहाट आणि दुपारचं ऊन यात एवढा फरक उघड्यावरच्या पाइपाला सहज पडतो, दोन्ही टोकं जखडली तर तो जोर रोज जॉइंटवर येतो. आणि उन्हात असलेल्या पाइपाला फिकट रंगाचा पाण्याचा, म्हणजे ॲक्रिलिक पेंट द्या, उन्हाने पाइप ठिसूळ होतो.

एक फोटोत दिसलं नाही म्हणून विचारतो, क्लोरीनच्या गोळ्यांचा फीडर लाइनवर आहे का आणि असेल तर कुठे? तो हीटरच्या पुढे, पाणी पूलकडे परत जाताना असला पाहिजे आणि मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, प्लॅस्टिकचा. हीटरच्या आधी असेल तर पंप बंद झाल्यावर ते तीव्र आम्लाचं पाणी हीटरमध्ये शिरून बसतं, ओ-रिंगा आणि फिटिंगा त्यानेही लवकर जातात. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवा.

चोवीस तासांनी पंप चालू केलात की हीटर बंदच ठेवून तासभर नुसतं पाणी फिरवा, प्रत्येक जॉइंटखाली टिश्यू पेपर बांधा, मग हीटर लावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टिश्यू बघा. बोटाने कळत नाही इतकी ओल टिश्यूवर गोल डाग होऊन दिसते. युनियनखालचा ओला निघाला तर नट अजून आवळू नका, उघडून ओ-रिंगचा फोटो पाठवा, खाचेसकट.